गावाने टाकलेली मावशी

मावशी येणार हे आईने मला सांगितलं ते भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता.

"उद्या सकाळची गाडी आहे. लालबागला उतरेल. तू जाऊन घेऊन ये."

"अशी मध्येच? ना सण, ना कुणाचं लग्न?"

"येतेय ती. एवढंच."

लॉकडाऊन संपून दोनेक वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. दोघी तळकोकणातल्या एकाच गावात दिलेल्या. आई लग्नानंतर बाबांबरोबर घोडपदेवच्या चाळीत आली, मावशी गावातच राहिली. काका लवकर गेले. मूलबाळ नाही. पण आमच्या वाडीत मावशीच्या हाताखालून न गेलेलं पोर शोधून सापडलं नसतं. बाळंतिणीला शेक द्यायचा, बाळाला तेल लावून पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं, हे काम ती तरुणपणापासून करत आली होती. दादाच्या आणि माझ्या वेळी आई गावालाच गेली होती, त्यामुळे आम्हा दोघांनाही तिनेच न्हाऊ घातलेलं. लहानपणी सुट्टीत गेलं की ती माझ्या नाकाचा शेंडा चिमटीत धरून म्हणायची, "ह्या नाक मी वडून वडून सरळ केलंय हां!"

लालबागला पुलाखाली कोकणातल्या खाजगी गाड्या थांबतात. त्या सकाळी लोक फणस, तांदळाच्या पिशव्या, आंब्याच्या पेट्या उतरवून घेत होते. मावशी सगळ्यात शेवटी उतरली. हातात एकच कापडी पिशवी. एरवी ती यायची तेव्हा कुळीथ, सोलं, काहीच नाही तर एखादा भोपळा तरी असायचा. आणि डोक्यावरून कधीही पदर न घेणाऱ्या मावशीने पदर कपाळापर्यंत ओढून कानामागे घट्ट खोचला होता.

टॅक्सीत मी तिच्या हातावर हात ठेवला. तिने तो हळूच काढून मांडीखाली घेतला आणि खिडकीला टेकून बसली. मला वाटलं, प्रवासाने दमली असेल.

घरी आल्यावर आईने पाणी तापवून तिला मोरीत अंघोळीला पाठवलं. थोड्या वेळाने तांब्याचा आवाज थांबला आणि आतून आईचं रडणं ऐकू आलं. मी पडदा सारून पाहिलं. मावशी पाटावर बसली होती. तिच्या डोक्यावर केस नव्हते म्हणता येणार नाही, पण ते कुठे बोटभर, कुठे टाळूपर्यंत, असे कसेही कापलेले. दोन ठिकाणी खपल्या धरल्या होत्या. आई खोबरेल ओतून खपल्या ओल्या करत होती, एका हाताने स्वतःचे डोळे पुसत होती, आणि मावशीच तिला समजावत होती. "रडां नको गो. केस काय, येतत परत."

झालं काय, ते आम्हाला एकदम कळलं नाही. मावशी चहा पिताना थोडं सांगायची, मग दोन दिवस गप्प. मी तुकडे जोडत गेले.

शेजारच्या घरातली सून पहिलटकरीण होती. मुलगा झाला. मावशी रोज सकाळी जाऊन त्याला न्हाऊ घालायची. महिन्याचं व्हायच्या आतच बाळाला ताप आला, ते दूध ओढेनासं झालं. घरच्यांनी अंगारा लावला, दृष्ट काढली, मग गावच्या घाड्याला बोलावलं. घाडी म्हणजे देवासमोर नारळ ठेवून लोकांचे प्रश्न विचारणारा माणूस. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला निघाले तेव्हा फार उशीर झाला होता. बाळ वाटेतच गेलं.

मग देवळात पुन्हा प्रश्न लागला, हे कुणी केलं म्हणून. घाड्याने नाव घेतलं नाही. शेजारची, एकटी, मूल नसलेली, बाळाला हात लावणारी, एवढंच तो म्हणाला. नाव घ्यायची गरजच उरली नाही.

त्याच संध्याकाळी वाडीतल्या बायका मावशीच्या अंगणात आल्या. त्यांच्यातल्या निम्म्या जणींची बाळंतपणं तिने काढली होती. ती सुपात तांदूळ पाखडत बसली होती. तिला ओढून अंगणाच्या मध्यावर बसवलं. करणी करणारीचे केस कापले की तिच्यातली शक्ती जाते, असं कुणीतरी म्हणालं. कात्री आणली आणि ती बाळाच्या आईच्या हातात दिली. पुरुष अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे उभे होते. दोघं-तिघं मोबाइलवर शूटिंग करत होते. मावशीचा सख्खा दीर त्यांच्यातच होता.

त्यानंतर दुकानदाराने तिला मीठसुद्धा दिलं नाही. विहिरीवर ती गेली की बायका कळशा घेऊन बाजूला व्हायच्या आणि ती निघाली की पायऱ्या धुवायच्या. शेवटी दीरच एके दिवशी रिक्षा घेऊन आला. म्हणाला, तू गेलीस तर गाव शांत होईल. तिला गाडीत बसवून तो परत गेला आणि तिच्या घराला त्याने स्वतःचं कुलूप लावलं. तिच्या घराची आणि त्याच्या घराची भिंत एकच होती.

आमच्या घरात तेव्हा वहिनी सात महिन्यांची पोटुशी होती. दोन खोल्या, मधली भिंत पाडून जोडलेल्या. त्यात आई-बाबा, दादा-वहिनी, मी आणि आता मावशी. वहिनी दादरला एका ऑफिसात कामाला जायची. संध्याकाळी तिची चप्पल दारात वाजली की मावशी उठून बाहेर गॅलरीत जाऊन बसायची. वहिनी मोरीकडे निघाली तर मावशी भिंतीला चिकटून उभी राहायची आणि पदराने स्वतःचे डोळे झाकून घ्यायची. आपली नजर त्या पोटावर पडू नये म्हणून. ताट-वाटी तिने स्वतःच वेगळी केली होती. घासायचीही वेगळी.

एकदा वहिनी मला म्हणाली, "मला भीती वाटते गं. हे सगळं खोटं आहे हे मला माहितीये. तरी वाटते. आणि त्या माझ्यापेक्षा जास्त घाबरतात ना, ते बघून आणखी वाटते."

तिची आई माहीमहून रोज फोन करायची. सातव्या महिन्यातच माहेरी घेऊन जाते म्हणायची. वहिनी "बघते" म्हणून फोन ठेवायची.

मी परळला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. मला वाटलं, हे माझं काम आहे. एका दुपारी मावशीला घेऊन बसले आणि नीट समजावलं, की तान्ह्या बाळांना जंतुसंसर्ग होतो, तो रक्तात पसरतो, वेळेत औषध मिळालं नाही तर मूल हाती लागत नाही. करणी-बिरणी काही नसतं. ती लक्ष देऊन ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "ते जंतू खयसून येतत?"

"कुठूनही. पाण्यातून, कपड्यांतून. हातातून."

ती आपल्या तळव्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माज्या हातातसून गेले असतीत."

मी तिचे हात धरायला गेले, तर तिने ते मागे घेतले.

"मी जाणून बुजून काय केलंय नाय बाय," ती म्हणाली. "ता माका म्हायत आसा. पण नकळत झाला असात तर? माज्यात काय आसात, आनी माकाच म्हायत नसात तर?"

तोपर्यंत मला वाटत होतं की गावाने तिच्यावर एक खोटं लादलंय आणि ती ते सोसतेय. ते खोटं तिच्या आत जाऊन बसलंय, हे मला त्या दुपारी कळलं. ती आम्हाला हात लावत नव्हती ती रागाने किंवा दुःखाने नव्हे. आम्हाला जपायला.

बातमी चाळीत पोचायला वेळ लागला नाही. आमच्या गावच्या लोकांचं मुंबईत मंडळ आहे. लालबागला त्यांची एक खोली आहे, तिथे महिन्यातून एकदा सगळे जमतात. मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही आहे. अंगणातला व्हिडिओ त्यावर फिरला होता, आणि बाबांनी बघायच्या आत पुसलाही गेला होता. चाळीतल्या काही बायकांनी तो पाहिला असावा, कारण मावशी गॅलरीत बसली की पलीकडच्या खोल्यांतून पोरांना हाका यायच्या. एकदा आमच्या उंबऱ्याबाहेर हळदीकुंकू लावलेलं लिंबू सापडलं. आईने ते चिमट्याने उचललं, टाकून दिलं, आणि हात धुऊन कामाला लागली.

मावशीजवळ येऊन बसायच्या त्या फक्त शेजारच्या खोलीतल्या काकू. त्यांचं घर बौद्ध. नवरा गेल्यापासून काकू एकट्याच असत. त्या वाटाण्याच्या शेंगा घेऊन यायच्या, निम्म्या मावशीच्या पुढ्यात ओतायच्या आणि स्वतः सोलायला लागायच्या. पहिल्या दिवशी मावशी जरा सरकून बसली. म्हणाली, "माजी सावली पडात तुमच्यार."

काकू हसल्या. "पडू दे की. माझ्या आजीच्या सावलीला अख्खं गाव भ्यायचं. पडली तर अंघोळ करायचे. सावलीनं कुणाचं काही वाकडं होत नाही ताई, हे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे."

मावशीने थोडा वेळ विचार केला आणि एक शेंग उचलली.

मग एका रविवारी सकाळी मंडळाचे तिघे आमच्याकडे आले. बाबा बसचालक म्हणून निवृत्त झालेले, आणि मंडळात त्यांचा मान होता. शिमग्याला गावची पालखी खांद्यावर घ्यायला ते एकही वर्ष चुकले नव्हते. तिघेही बाबांपेक्षा वयाने लहान. बाबांनी त्यांना खुर्च्या दिल्या, स्वतः पलंगावर बसले. मावशी आत, ओट्याजवळ. आमच्या घरात आत म्हणजे चार हातांवर.

"भाऊ, आम्ही तुमच्या वाईटावर नाही," त्यांच्यातला बोलका म्हणाला. "पण गावाने एक ठरवलंय. तुम्हीच इथे आसरा दिलात तर गावाला काय किंमत राहिली?"

"आसरा नाही दिला," बाबा म्हणाले. "बायकोची बहीण आहे. आपल्या घरी आली."

"घरात सून पोटुशी आहे तुमच्या. उद्या काही झालं तर..."

"काय होईल?"

त्याने दुसऱ्याकडे पाहिलं. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. बाबा देवभोळे. घरातून निघताना देव्हाऱ्याला हात जोडल्याशिवाय पायात चप्पल घालत नाहीत. मला धाकधूक होती, की आता ते काय बोलतील.

"मी देव मानतो," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू, नजर लागते हेही मी मानतो. पण हिने काय केलंय ते मला माहिती आहे. माझी दोन्ही पोरं हिने वाढवलीत. तुलाही हिनेच न्हाऊ घातलंय. तुझी आई तापाने पडली होती तेव्हा तू महिनाभर हिच्या घरी होतास. आठवत नसेल तुला."

त्या माणसाने मान खाली घातली, पण दुसरा लगेच म्हणाला, "जुनं झालं भाऊ ते. आता मंडळाला काय कळवू ते सांगा आम्हाला."

तेवढ्यात वहिनी उठली. ती आतल्या बाजूला कॉटवर पडून सगळं ऐकत होती. पोटावर एक हात ठेवून ती बाहेर आली, मावशीकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मावशी, पाहुण्यांना चहा टाकता का? मलाही घोटभर."

मावशी जागची हलेना. तिने आईकडे पाहिलं. आईने साखरेचा डबा काढून तिच्यापुढे ठेवला.

मावशी ट्रेमध्ये कप घेऊन आली. तिघेही उभे राहिले. "नको, उशीर होतोय," म्हणत दाराकडे सरकले. वहिनीने त्यांच्यासमोर ट्रेमधला एक कप उचलला आणि उभ्या उभ्या प्यायली. चहा गरम होता, तिचे डोळे पाणावले. पण तिने कप रिकामा करूनच खाली ठेवला.

ते गेल्यावर ती कॉटवर जाऊन बसली आणि म्हणाली, "साखर जरा जास्त झाली, मावशी."

मावशी तोंडाला पदर लावून रडत होती. मग तिने रात्रीचं ताट वेगळं घेतलं नाही. आईने तिला आमच्यातच वाढलं.

संध्याकाळपर्यंत बाबांना ग्रुपमधून काढून टाकलं होतं. त्यांच्या फोनवर सकाळी सकाळी गावच्या देवाचे फोटो यायचे, ते बंद झाले. लग्नाच्या पत्रिका येईनात. पुढच्या शिमग्याला ते गावाला गेले नाहीत. पालखी देवळाबाहेर पडायच्या दिवशी ते घरातच पांढरा सदरा घालून बसले होते, आणि आम्ही कुणी त्यांना त्याबद्दल विचारलं नाही.

दादरला एक वकील बाई अशा केसेस बघतात असं मला लॅबमधल्या मैत्रिणीने सांगितलं. मी मावशीला घेऊन गेले. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. अशा अघोरी प्रकारांविरुद्ध कायदा आहे, वाळीत टाकण्याविरुद्धही आहे, तक्रार इथूनही करता येईल, म्हणाल्या. मावशीने सगळं ऐकलं आणि नाही म्हणाली.

"त्या पोरीचा पोर गेला," ती म्हणाली. "कात्री तिच्या हातात होती. पोलीस आदी तिकाच धरतले. तिका आनी काय शिक्षा देऊ?"

बाईंनी आग्रह केला नाही. "विचार बदलला तर या," एवढंच म्हणाल्या.

विचार बदलला तो त्या मुलीमुळेच.

वहिनी बाळंतपणाला माहीमला गेल्यानंतरची गोष्ट. मी त्या दिवशी सुट्टीवर होते. भर दुपारी दारात एक मुलगी उभी राहिली. विशी-बाविशीची, गळ्यात मंगळसूत्र, डोळ्यांखाली काळं. मावशी गॅलरीत पाठ करून मेथी निवडत होती. तिने वळून पाहिलं, आणि जुडी खाली ठेवून उठली.

"ये गो," ती म्हणाली. "उनातसून इलंस. पानी पी."

मला तेव्हा कळलं, ही कोण. तिचा नवरा काळाचौकीला गाववाल्यांच्या खोलीत राहून नोकरी करतो, तिला त्याने मुंबईला आणलं होतं. कुणालाही न सांगता ती पत्ता विचारत आली होती.

ती बसेना. पाणीही घेईना. "माज्या हातात कात्री दिल्यानी," ती म्हणाली. "मी घेतलंय."

"घेतलंस. न घेऊन खय जातलंस तू? बस आदी."

ती खाली बसली. मावशी तिच्यासमोर बसली, मध्ये मेथीची जुडी. मावशीने मेथीच्या दोन काड्या निवडल्या. मग मावशीने जे विचारलं ते मी कधी विसरणार नाही.

"दूध कदी आटला गो तुजा?"

मुलीने चमकून वर पाहिलं. हे तिला कुणीच विचारलं नसणार. बाळ गेल्यावर बाळाचं सगळे बोलले, करणीचं बोलले, तिच्या अंगाचं काय झालं ते कुणी बोललं नाही.

"खूप दिवस येत होता," ती म्हणाली. "चोळी भिजायची. गाठी झाल्यो, ताप इलो. सासू म्हणाली, पदर घे, लोक बघतत."

"मोगऱ्याची फुलां बांधूक व्हयी होती," मावशी म्हणाली. "थंड पडता. मी असतंय तर बांधलंय असतंय."

मुलगी पुढे वाकली आणि रडू लागली. आवाज न करता, खांदे हलत होते फक्त. आणि मावशीने, जिने आमच्या घरात आल्यापासून आपण होऊन कुणाला बोटही लावलं नव्हतं, तिने तळहात उचलून तिच्या पाठीवर ठेवला.

रडणं थांबल्यावर मुलगी म्हणाली, "तुमी सांगलास, पोराक दवाखान्यात न्हेवा. दोनदा सांगलास. मी आयकलंय. सासूक सांगलंय, तिना मनावर घेतल्यान नाय. मगे तुमचा नाव इला, तेवा मी गप रवलंय."

मी मावशीकडे बघतच राहिले. हे तिने आम्हाला एकदाही सांगितलं नव्हतं. वकील बाईंनाही नाही.

"मावशी, हे तू का नाही बोललीस?"

"सांगलंय असतंय तर हिच्यावर इला असता," ती म्हणाली. "आवशीक म्हायत होता, तरी पोराक घेऊन गेली नाय, म्हटल्यानी असता. हिचा अंगण त्याच वाडीत, हिका थयच रवचा होता, माय."

ती मुलगी तासभर बसली. जाताना तिने उरलेली मेथी निवडून दिली, आणि दारात उभी राहून मला म्हणाली, "काय लिवून देवचा असात तर मी येतंय. घाड्याचा आनी हेंच्या दिराचा नाव मी सांगतंय. हेंच्या घरासाठी दोघांचा आदीच ठरला होता. माज्या सासऱ्याबरोबर बोलत होते, तेवा मी घरात होतंय."

तक्रार झाली. मुलीने जबाब दिला. नवऱ्याने तिला हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही, पण त्या दिवशी रजा टाकून तो तिच्याबरोबर आला आणि बाकावर बसून राहिला. सासरची दारं तिला बंद झाली ती अजून बंदच आहेत. मंडळाचे जे तिघे आमच्याकडे आले होते, त्यांच्यातल्या एकाने, बाबांनी ज्याला त्याच्या आईच्या तापाची आठवण करून दिली त्याने, तो अंगणातला व्हिडिओ गुपचूप बाबांच्या फोनवर पाठवला. सोबत एक शब्दही नाही. पोलिसांना तो उपयोगी पडला. घाडी आणि दीर दोघांना अटक झाली, जामीन झाला, आता तारखा पडतात. घराचं कुलूप निघालं, पण मावशी तिथे राहायला गेली नाही. किल्ली बाबांच्या कपाटात आहे.

वहिनीला मुलगी झाली. थोड्याच दिवसांनी तिचा माहीमहून फोन आला, की मावशींना घेऊन ये, इथली बाई बाळाला फार घाईने हाताळते. मावशी ऐकेना. शेवटी, "मी हात लावचंय नाय, नुसता सांगतंय," या अटीवर निघाली.

वहिनीच्या आईने दार उघडलं. चेहऱ्यावर 'नको' स्पष्ट दिसत होतं, पण "या" म्हणाली. मोरीत वहिनी पाय लांब करून बसली, बाळ पायांवर. मावशी दाराशी स्टुलावर बसून सांगत होती. तेल कोमट कर. आदी छाती, मगे हात. पानी डोळ्यांत जावक नको. बाळ तारस्वरात ओरडत होतं. वहिनी गोंधळली, तिला ते पालथं घेता येईना.

"मान धर. मान गो, मान..." मावशी म्हणत होती, आणि म्हणता म्हणता ती स्टुलावरून उठून खाली कधी बसली, तिचा पंजा त्या इवल्या डोक्याखाली कधी गेला, तिलाही कळलं नाही. बाळ थांबलं. मावशी दचकून हात काढायला गेली, तर वहिनीने तिचं मनगट धरून ठेवलं.

"राहू द्या," वहिनी म्हणाली. "आता पाणी मी ओतते."

दारात वहिनीची आई उभी होती. थोड्या वेळाने बाळाला टिपायला मऊ पंचा तिनेच आणून मावशीच्या हातात दिला.

हे सगळं झालं म्हणून मावशीच्या मनातलं ते गेलं, असं मी म्हणणार नाही. भाची आता चालते, बोबडं बोलते, मावशीच्या मागे मागे असते. पण गेल्या महिन्यात तिला सकाळी ताप भरला आणि मी लॅबला निघता निघता पाहिलं, तर मावशी गॅलरीच्या पार टोकाला, जिन्याजवळ जाऊन बसलेली. हात पुन्हा मांडीखाली. मी हाक मारली तर मान हलवली नुसती.

वहिनी पोरीला खांद्यावर घेऊन बाहेर आली. सरळ चालत गेली आणि तिने तिला मावशीच्या मांडीत ठेवलं.

"गो, नको," मावशी म्हणाली. "आज माज्याकडे नको."

"मला डॉक्टरांना फोन लावायचाय, पिशवी भरायचीय. मला दोन्ही हात मोकळे हवेत, मावशी. धरा हिला."

पोरीने तापलेला गाल मावशीच्या गळ्याला लावला आणि डोळे मिटले. मावशी कितीतरी वेळ तशीच ताठ बसून होती. मग हळूच तिने मांडीखालचे हात काढून पोरीभोवती धरले. डॉक्टरांनी लगेच या म्हटलं. मी पोरीला घ्यायला हात पुढे केले, तर मावशीने नाही म्हणून मान हलवली, तिला उचलून पदरात गुंडाळलं आणि स्वतःच जिना उतरू लागली. दवाखान्यात आमचा नंबर येईपर्यंत तिने पोरीला खाली ठेवलं नाही.